कॅसल ड्रोगो, १:२०० : प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

२ मार्च २०२४, एक्सेटर

धाकट्या बहिणीकडे तीन महिने मुक्काम आहे. या तीन महिन्यांत कॅसल ड्रोगोची प्रतिकृती करायची, असं आज नक्की केलं. छप्पर उचलता येईल, मजले वेगळे करता येतील आणि पाणी कुठून कुठे जातं ते मुलांना बोट ठेवून दाखवता येईल, अशी. मी सोलापुरात तिसऱ्या वर्षाला बांधकामतंत्र शिकवते. 'पाण्याचा निचरा' हा धडा फळ्यावर शिकवला की मुलं उतरवून घेतात आणि विसरतात. हातात घेता येईल असं काही हवं, हे कितीतरी वर्षं डोक्यात होतं.

बहिणीच्या घरापासून तासाभरावर, डार्टमूर या उंच माळरानाच्या काठाला, टीन नदीच्या घळीवर हा किल्ला उभा आहे. त्याला इंग्लंडमधला शेवटचा किल्ला म्हणतात. तसा तो किल्ला नाहीच, राहतं घर आहे. १९११ ते १९३० या काळात एका चहाच्या व्यापाऱ्यानं बांधून घेतलेलं. वास्तुकार एडविन लट्यन्स, म्हणजे आपल्या राष्ट्रपती भवनाचे. आणि हे घर पहिल्यापासून गळतं. शंभर वर्षं गळणारं, तरीही पाहताना पाय निघत नाही असं घर शिकवायला मिळालं तर आणखी काय हवं?

माप १:२००. सहा फुटांची भिंत त्या मापाला नऊ मिलिमीटर येते. यापेक्षा मोठं केलं तर परतीच्या बॅगेत बसणार नाही.

३ मार्च

वाचनालयातून छापील नकाशे मिळाले. दिवसभर ट्रेसिंग.

नकाशा पाहताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की घराचे दोन मुख्य भाग काटकोनात जोडलेले नाहीत. ते बोथट कोनात वळतात. डोंगराची सोंड जशी वळते तशी इमारत वळते. आपल्याकडे गडाची तटबंदी कड्याच्या धारेनं जाते, तिला कुणी गुण्या लावत नाही. इथे मात्र आत दिवाणखाना, जेवणघर, वाचनाची खोली अशा चौकोनी खोल्या बसवायच्या होत्या. त्यामुळे वळणाच्या जागी जो जादा त्रिकोण उरतो त्याचं काय करायचं, हा प्रश्न लट्यन्सना सोडवावा लागला. त्यांनी तो जिने, बोळ आणि जाड भिंती यांत इतका सहज मुरवलाय, की नकाशावर पट्टी ठेवल्याशिवाय कळत नाही. मी तीनदा पट्टी ठेवली.

९ मार्च, पहिली भेट

ड्रूझटेन्टन गावापासून चालत गेले. हवा कोरडी, वारा भयंकर.

लांबून दिसतो तो एकच दगड. जमिनीतून वर आलेला आणि मग कुणीतरी धार लावून कापलेला. जवळ गेल्यावर कारण समजतं. भिंतींवर काहीच नाही. खिडकीखाली बाहेर आलेली पट्टी नाही, पागोळी नाही, पावसाचा एकही पाइप नाही. नुसते घडीव ग्रॅनाइटचे थर आणि त्यांत कापलेल्या खिडक्या. भिंत वर जाताना हलकेच आत घेतलेली आहे आणि तिच्या कडा चाकूसारख्या आहेत. चर्या आहेत, पण मोजक्या, आणि त्याही लहान मुलांच्या गोष्टीतल्या किल्ल्यासारख्या दातेरी नाहीत. युरोपात त्या आधीच्या शतकात हौसेनं बांधलेले अनेक नकली किल्ले आहेत. त्यांच्यावर नक्षीची गर्दी असते. इथे सगळं काढून टाकत टाकत किल्लेपण उरवलंय.

प्रवेशाच्या बुरुजात वरून खाली सोडायची खरीखुरी लोखंडी जाळी आहे. वरच्या खोलीतल्या रहाटानं ती चालते. दारावर दगडात कोरलेला सिंह आहे आणि खाली लॅटिन ब्रीद. विसाव्या शतकात, मोटारी धावू लागल्यावर हे केलंय. बांधून घेणाऱ्याला हे मनापासून हवं होतं, हे दारातच कळतं.

भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिले. ग्रॅनाइटचा स्पर्श आपल्या काळ्या पत्थरापेक्षा वेगळा. दाणे बोटांना लागतात.

१० मार्च

घर बांधून घेणाऱ्या ज्यूलियस ड्रूबद्दल लिहून ठेवते, कारण तो समजला नाही तर घर समजत नाही.

जन्म १८५६. चहाच्या व्यापारात शिरला, खरेदीसाठी चीनलाही जाऊन आला. मग जॉन मस्कर या भागीदाराबरोबर 'होम अँड कलोनियल स्टोअर्स' ही किराण्याच्या दुकानांची साखळी उभी केली. इतका पैसा मिळाला की तेहेतिसाव्या वर्षी रोजच्या कामातून मोकळा झाला. त्यानंतर एका वंशावळ शोधणाऱ्यानं त्याला सांगितलं, की तुमचं मूळ ड्रोगो नावाच्या नॉर्मन सरदाराकडे जातं आणि ड्रूझटेन्टन हे गाव त्याच्याच नावानं वसलंय. झालं. ड्रूनं त्या गावाजवळ जमीन घेतली आणि पूर्वजांच्या भूमीवर किल्ला बांधायचं ठरवलं. आडनावात शेवटी एक अक्षर वाढवून त्याला जुनं रूपही दिलं.

हे वाचून हसणारे असतील. मला हसू आलं नाही. बापजाद्यांचा मूळ गाव शोधत जाणारी, तिथे दीपमाळ बांधून देणारी माणसं मी पाहिली आहेत. चार पैसे हाती आले की आधी कुलदैवताच्या गावी धर्मशाळा उभी राहते. ड्रूची ओढ त्याच जातीची असावी, फक्त त्याची ऐपत फार मोठी होती.

अंदाजपत्रक: घराला ५०,००० पौंड, बागेला १०,००० पौंड. लट्यन्सनी बायकोला, एमिलीला, लिहिलेल्या पत्रात मन मोकळं केलंय. या माणसाला किल्ला नको असता, मोठ्या खोल्यांचं एक लोभस घर हवं असतं तर किती बरं झालं असतं, अशा अर्थाचं. ही एमिली म्हणजे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याची मुलगी.

१७ मार्च

सामान आणलं: प्लास्टर ऑफ पॅरिस, दोन मिलिमीटरचा पुठ्ठा, पितळेची बारीक तार, पॉलिश पेपर. बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली. भाच्यानं विचारलं, "मावशी, किल्ला करतेस? दिवाळी कुठेय आता?" त्याला मातीचा किल्ला आठवतो, दोन वर्षांपूर्वी सोलापुरात केलेला. त्याला म्हटलं, "यात मावळे नाहीत रे, चहावाले आहेत." त्याला पटलं नाही. एक मावळा त्यानं तिथे आणून ठेवलाय आणि मी तो हलवलेला नाही. १:२०० ला माणूस नऊ मिलिमीटरचा हवा, हा फार उंच झाला.

२३ मार्च

आज महत्त्वाचा निर्णय घेतला.

जे बांधलं गेलं ते मूळ बेताच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. पहिल्या आराखड्यात मधल्या चौकाभोवती तीन बाजूंनी इमारत होती आणि एका अंगाला भलामोठा दरबारी दालनाचा भाग. काम सुरू झाल्यावर ड्रूनं आग्रह धरला, की भिंती पोकळ नकोत, आरपार भरीव दगडाच्या हव्यात. आत पोकळी ठेवून बाहेरून जाड दिसणारी भिंत त्याला खोटी वाटत होती. भिंती सहा फुटांपर्यंत भरीव झाल्या आणि त्या दगडात खर्च गेला. आराखडा आक्रसत गेला. दरबारी दालन रद्द झालं. त्याच्यासाठी जे तळघर बांधून झालं होतं त्याचं पुढे घरातलं प्रार्थनास्थळ केलं. तिथे उतरलं की डोक्यावर जे नाही त्याचा भार जाणवतो.

पुढे एक मोठी देवडी, बाहेरचा दरवाजा, तोही व्हायचा होता. तो कसा दिसेल हे पाहण्यासाठी लट्यन्सनी लाकूड वापरून पूर्ण मापाचा नमुना जागेवर उभा केला होता. मी १:२०० ला जे करते आहे ते त्यांनी १:१ ला केलं! तो पाहून झाला, आणि देवडी काही बांधली गेली नाही.

तर ठरलं असं: जे बांधलं ते प्लास्टरमध्ये. जे राहिलं ते पितळी तारेच्या नुसत्या कडांनी. तारेचा भाग वेगळा उचलता येईल. मुलांना दोन्ही एकावर एक ठेवून दिसलं पाहिजे, की भरीवपणाची किंमत कशात मोजली गेली.

३० मार्च

पायथ्याचे साचे. डोंगराचा उतार पुठ्ठ्याच्या थरांनी. कंटाळवाणं काम, पण झालं.

४ एप्रिल, दुसरी भेट

मुद्दाम आज गेले. १९११ साली याच तारखेला, ड्रूच्या पंचावन्नाव्या वाढदिवशी, कोनशिला बसवली गेली.

आज आतलंच पाहिलं. बोळांमध्ये ग्रॅनाइट उघडाच ठेवलाय, गिलावा नाही. छोट्या छोट्या घुमटांची ओळ एकामागून एक जाते, कमानींना कोपरे धारदार. थंडगार. आणि मग एक दार उघडून दिवाणखान्यात गेलं की तीन बाजूंनी उजेड आणि भिंतीला रंगवलेलं लाकूड. अंगावरचा गारठा एका पावलात उतरतो. ही जी घडवलेली विसंगती आहे ती मला नकाशावरून अजिबात कळली नव्हती. जेवणघर दिवाणखान्याच्या खालच्या अंगाला आहे, तिथे मोठ्या जिन्यानं उतरायचं. उतरताना जिन्याशेजारची खिडकी वरपासून खालपर्यंत सोबत करते. घराच्या पातळ्या डोंगरउताराबरोबर खाली जातात आणि ते सगळं पायांना समजतं.

गालिचे, भित्तिपट आणि बरंचसं सामान ड्रूच्या आधीच्या घरातलं, ससेक्समधल्या वॉडहर्स्ट हॉलचं. ते घर त्यानं मुर्रिएता नावाच्या स्पॅनिश सावकार घराण्याकडून सामानासकट घेतलं होतं. त्यामुळे भिंती नव्या, वस्तू जुन्या, आणि दोन्ही कुणा तिसऱ्याच काळाच्या वाटतात.

सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघरात गेला. त्याला बाजूला खिडक्याच नाहीत. सगळा उजेड वरून, छताच्या मधोमध ठेवलेल्या गोल काचेच्या कंदिलातून. त्याच्या बरोबर खाली लट्यन्सनीच आखलेलं गोल टेबल. उजेडाचा गोल आणि कामाचा गोल एकाखाली एक. मला एकदम आमचं गावचं स्वयंपाकघर दिसलं. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराला बाजूला खिडकी नसते, वर साणं असतं, उजेडासाठी छताला ठेवलेलं भोक. दुपारी बारा वाजता त्यातून उन्हाचा खांब चुलीपुढे पडायचा आणि आजी परात त्या उजेडात सरकवायची. लट्यन्सनी साणं पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण वरून येणारा उजेड हाताला सावली पाडत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला जितकं कळतं तितकं त्यांना कळलं होतं.

एका खोलीत ड्रूच्या थोरल्या मुलाच्या, एड्रियनच्या, आठवणी मांडून ठेवल्या आहेत. मेजर होता. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर मारला गेला. घर बांधायचं ते ज्याच्यासाठी, तोच गेला. काम त्यानंतरही तेरा वर्षं चाललं. ड्रूला पुऱ्या झालेल्या घरात जेमतेम वर्षभर राहायला मिळालं, १९३१ मध्ये तो वारला. त्या खोलीचा साचा करताना मी आतलं सामान दाखवणार नाही. खोली रिकामीच राहील.

९ एप्रिल, गुढीपाडवा

बहिणीनं बाल्कनीत गुढी उभारली. श्रीखंड-पुरी. प्लास्टर ढवळायची भांडी आज धुऊन बाजूला.

संध्याकाळी गावी आबांना फोन केला. आमचं घर पंढरपूर तालुक्यात. माळवदाचं, कडीपाटाचं, वर पांढऱ्या मातीचा थर. यंदा चुलतभाऊ म्हणतोय की त्यावर सिमेंटचा कोबा टाकू, कटकट मिटेल. आबांना ते पसंत नाही, पण शिडी चढायचं त्यांचं वय राहिलेलं नाही.

त्यांना ड्रोगोचे फोटो पाठवले होते. नातवानं मोठे करून दाखवले. आबांचा पहिला प्रश्न:

"अगं, एवढा वाडा, आन् पन्हाळ्या कुठं हायत?"

"बाहेर नाहीत आबा. पाणी आतल्या वाटेनं उतरवलंय."

"भितीच्या आत? मग तुंबलं तर कळायचं कसं?"

मी त्यांना सांगितलं की शंभर वर्षं तीच तर अडचण झाली. आबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दगड लई सुंदर घडवलाय पण. पाथरवट भारी असणार."

भारीच होते. क्लीव्ह आणि ड्यूडनी अशा दोन डेव्हनच्या, म्हणजे याच परगण्यातल्या, गवंड्यांची नावं टिकून आहेत. सुरुवातीच्या काळानंतरचा जवळजवळ सगळा दगड या दोघांच्या हातांनी बसलाय. ग्रॅनाइट आधी जवळच्या खाणीचा, मग डार्टमूरच्या इतर भागातला. मोठ्या इमारतींच्या इतिहासात गवंड्याचं नाव फार क्वचित सापडतं. प्रतिकृतीच्या तळपट्टीवर ही दोन नावं लट्यन्सच्या नावाइतक्याच टायपात येतील.

१४ एप्रिल

आज छपराचा स्लॅब ओतला आणि चूक झाली. चूक इतकी उपयोगाची निघाली की सविस्तर लिहिते.

भिंती आधी ओतून, वाळवून, घासून तयार होत्या. छपराचा पातळ स्लॅब मी वेगळा न करता भिंतींच्या आतच, कठड्याला चिकटून ओतला. फट दिसू नये, सगळं एकसंध दिसावं म्हणून. दोन तासांनी पाहिलं तर कोपऱ्यातला कठडा केसाएवढा बाहेर ढकललेला आणि भिंत व स्लॅब यांच्या सांध्यात तडा. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं, शेकड्याला दोन दशांशाच्या आसपास. वीस सेंटिमीटरच्या स्लॅबला ते अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ जातं. त्याला जायला जागाच नव्हती, मग त्यानं ती करून घेतली.

ड्रोगोच्या छपराचं दुखणं हेच आहे.

लट्यन्सनी छप्परं सपाट ठेवली आणि कठड्याआड लपवली, कारण किल्ल्याच्या वरच्या रेषेत उतरतं छप्पर दिसून चालणार नव्हतं. स्लॅब काँक्रीटचा, वर अस्फाल्टचा, म्हणजे डांबरी, थर. तेव्हा हे तंत्र नवं होतं. काळा थर उन्हात झटकन तापतो आणि पातळ स्लॅबही त्याच्याबरोबर तापतो. सहा फुटी ग्रॅनाइटला मात्र तापायला आणि निवायला कितीतरी वेळ लागतो. समजा वीस मीटरचा स्लॅब आहे आणि हिवाळ्यातली रात्र ते उन्हाळ्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक आहे. काँक्रीट दर अंशाला लाखात एक भाग या हिशेबानं वाढतं, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सहा मिलिमीटर. दगडाची भिंत तितकी हलत नाही. मधला अस्फाल्ट थंडीत कडक होतो, ताणला की चिरतो. एकदा चीर पडली की दरवर्षी उघडते आणि मिटते. डार्टमूरचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त. घर पुरं होण्याच्या आधीच गळती सुरू झाली होती.

भरीव भिंतीनं त्यात भर घातली. ग्रॅनाइट स्वतः पाणी पीत नाही, पण दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, पाणी शिरतं. पोकळी असलेल्या भिंतीत ते मधल्या फटीतून खाली उतरून गेलं असतं. भरीव भिंतीत ते एका दगडावरून दुसऱ्यावर सरकत आतल्या तोंडापर्यंत येतं. खिडक्यांना खालून पुढे आलेली पट्टी नसल्यामुळे भिंतीवरचं सगळं पाणी थेट चौकटीवर. ज्या ज्या गोष्टीमुळे हे घर एका दगडाचं दिसतं, त्यातली प्रत्येक गोष्ट पाण्याला वाट देते.

स्लॅब फोडून काढला. तडा गेलेला कोपरा मात्र तसाच जपून ठेवलाय. तो मुलांना दाखवायचा.

२० एप्रिल

कालपासून एकाच विचारात अडकले आहे.

लट्यन्स १९१२ मध्ये दिल्लीच्या कामावर आले. त्यानंतरची वर्षं दिल्ली आणि ड्रोगो ही दोन्ही कामं त्यांच्या टेबलावर एकाच वेळी होती. ड्रोगो १९३० ला संपलं, व्हाइसरॉयच्या वाड्याचं, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचं, उद्घाटन १९३१ ला झालं. त्या वाड्याला त्यांनी काय दिलं? रुंद छज्जा. सगळ्या इमारतीला फिरणारा, भिंतीवर गडद सावली धरणारा, पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकणारा दगडी छज्जा. आपल्या जुन्या इमारतींकडून त्यांनी ही गोष्ट शिकून घेतली आणि किती सुंदर वापरली. त्याच माणसानं त्याच वर्षांत डेव्हनमध्ये, जिथे पाऊस दिल्लीपेक्षा जास्त, तिथे बोटभर पट्टीसुद्धा बाहेर काढली नाही.

हे अज्ञान म्हणता येत नाही. मला वाटतं, दोन्हीकडे त्यांना एक आकार दिसत होता आणि ते त्या आकाराशी प्रामाणिक राहिले. दिल्लीत सावली हाच आकाराचा भाग झाला. ड्रोगोत छज्जा आला असता तर तो दगड राहिला नसता, घर झालं असतं. वर्गात मी याला नुसती 'चूक' म्हणणार नाही. मुलांनी दोन्ही छेद शेजारी शेजारी काढायचे आणि स्वतः ठरवायचं. दिल्लीच्या छज्ज्याचा एक छोटा छेदही प्लास्टरमध्ये करते. याच मापाला.

२७ एप्रिल, तिसरी भेट

दिवसभर पाऊस. अशाच दिवसाची वाट पाहत होते.

बोळांतून फिरले. कुठेही बादली नाही. पूर्वी गळतीखाली भांडी ठेवावी लागत.

१९७४ मध्ये ड्रू कुटुंबानं हे घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिलं. विसाव्या शतकातली एखादी वास्तू ट्रस्टनं स्वीकारावी, असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं. मधल्या काळातल्या दुरुस्त्या टिकल्या नाहीत. शेवटी २०१३ मध्ये मोठं काम सुरू झालं. पाच वर्षांचा अंदाज होता, त्याहून जास्त लागली. अख्ख्या किल्ल्यावर मांडव घालून खाली काम चाललं. दोन हजारांहून जास्त ग्रॅनाइटचे चिरे उतरवले, छपरावर ताणलं तरी न फाटणारा नवा थर अंथरला आणि तेच चिरे परत आपल्या जागी बसवले. नऊशेहून जास्त खिडक्या दुरुस्त केल्या. भिंतींच्या दर्जा नव्यानं भरल्या.

हे करताना घराचा चेहरा एका रेषेनंही बदललेला नाही. पट्टी आली नाही, पाइप आला नाही. लट्यन्सचा हट्ट कायम ठेवून आतून इलाज केला. आमच्या कामात ही सगळ्यात अवघड गोष्ट असते. दुरुस्ती करणाऱ्याला आपल्या शहाणपणाची खूण मागे सोडायचा मोह होतो.

पाऊस थांबल्यावर बागेत गेले. बाग घरापासून दूर, वेगळीच ठेवली आहे. आखणी लट्यन्सची, झाडं जॉर्ज डिलिस्टोनची. यू झाडाच्या उंच कापलेल्या कुंपणाच्या आत एक संपूर्ण गोल हिरवळ. मुलांसाठी बांधलेलं 'बंटी हाउस' नावाचं छोटं घरही आहे. खाली नदीवर लट्यन्सनी आखलेलं जलविद्युतचं घर आहे. बंद पडलेली ती यंत्रं २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाली. पाण्यानं ज्या घराला छळलं त्याला दिवेही पाणीच देतं. ते पाहायला उतरण्याइतका वेळ राहिला नव्हता.

५ मे

दुसरा स्लॅब. या वेळी वेगळा ओतला, चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर सुटा ठेवला, सांध्यावर पातळ रबराची पट्टी. नीट बसला. फट दिसते, दिसू दे.

खिडक्या कोरायला चार दिवस गेले. नऊशे शक्य नाहीत, पूर्वेकडच्या तेवढ्या पूर्ण केल्या. बाकी नुसत्या रेषा.

१२ मे

न्हाणीघरात पाण्याची परीक्षा. प्लास्टरला मेणाचा हात दिला होता. भाच्यानं झारी धरली, मी उजेड. पाण्यात निळा रंग.

पहिल्या फेरीत तडा गेलेला जुना कोपरा. निळी रेघ तड्यातून आत, भिंतीच्या आतल्या तोंडाला उतरली. भाचा ओरडला, "मावशी, दिवाणखान्यात आलं!" दुसऱ्या फेरीत नवा स्लॅब. पाणी कडेला जमून छिद्रातून खाली गेलं. तिसऱ्या फेरीत एका छिद्रात कापसाचा बोळा घातला. पाणी साचलं आणि बाहेरून काहीच कळलं नाही. आबांचा प्रश्न. ही तिन्ही प्रात्यक्षिकं याच क्रमानं वर्गात घ्यायची.

शेवटी त्याच झारीनं दिल्लीच्या छज्ज्यावर पाणी सोडलं. ते छज्ज्याच्या कडेवरून सुटं खाली पडलं. भिंत कोरडी राहिली.

१५ मे

गावच्या माळवदाबद्दल चुलतभावाशी तासभर बोलले. कोबा नको, हे त्याला पटवायला मला माझा तडा गेलेला कोपरा उपयोगी पडला. फोटो पाठवला. खाली लाकूड, वर माती, ही जोडी सगळी हलती. लाकूड फुगतं, वाकतं, माती त्याच्याबरोबर सरकते. त्यावर सिमेंटचं ताठ झाकण ठेवलं की पहिल्याच उन्हाळ्यात तडकणार, आणि त्याखाली मुरलेलं पाणी तुळयांना कुजवणार. मातीचं माळवद दरवर्षी माणूस मागतं. पावसाआधी वर चढायचं, गवत उपटायचं, पांढरी माती पसरायची, चोपायची, पन्हाळीचं तोंड मोकळं करायचं. त्याला तेच नको आहे, आणि त्याचंही खरं आहे. तो पुण्यात नोकरीला, दर मे महिन्यात कोण येणार?

तोडगा निघाला तो असा: यंदा मी मेअखेरीला परत जाते, मीच करून घेते. गावात माळवद घालणारे दोनच जण उरलेत, त्यांना आबा सांगून ठेवतील. पुढच्या वर्षी तो येईल.

१९ मे

तारेचं काम संपलं. दरबारी दालन, मधला चौक, देवडी, सगळं पितळी कडांमध्ये. प्लास्टरवर ठेवलं तेव्हा खोलीतला दिवा मागून होता आणि न बांधलेल्या दोन तृतीयांश किल्ल्याची सावली भिंतीवर मोठी होऊन पडली. बहीण स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, हे सगळं खरंच बांधणार होते?"

हो, सगळं.

२४ मे

सामान बांधलं. प्लास्टरचे सात तुकडे, प्रत्येक वेगळ्या साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत. वजन एकोणीस किलो, कपड्यांना चार उरले. तारेचा भाग हातातल्या डब्यात, तो वाकला तर पुन्हा जमायचा नाही. तडा गेलेला कोपरा कापसात. स्वयंपाकघराचा काचेचा कंदील अजून झालेला नाही. त्यासाठी गोल काच मनासारखी मिळाली नाही, सोलापुरात घड्याळजीकडे विचारते.

मावळा तळपट्टीवर चिकटवलेला सापडला. तसाच आणते आहे.

आबांचा निरोप: मृगाच्या आत येणं, पन्हाळीचा पत्रा जरा जास्त लांब आणणं, हातभर तरी भिंतीबाहेर आला पाहिजे.